तिसऱ्या मजल्यावरच्या दहा फासळ्या

झाउरेश आपांची नात अकबोता जुलैच्या शेवटी जन्मली, ठरलेल्या दिवसांच्या सात आठवडे आधी. वजन पावणेदोन किलो. करागंडीच्या इस्पितळात काचेच्या पेटीत तिला ठेवलं होतं, आणि सून मोल्दिर तिथेच एका खाटेवर मुक्काम करून होती. आपांचा मुलगा सांझार कॅस्पियनकडच्या तेलविहिरीवर, महिनाभर तिकडे आणि महिनाभर इकडे. म्हणून हिवाळाभर सून आणि बाळ तळ्याकाठच्या आमच्या बालखाश गावात, आपांकडे राहतील असं ठरलं.

डॉक्टरांनी मोल्दिरला एकच गोष्ट तीनदा सांगितली होती. बाळाची खोली बावीस अंशांच्या खाली जाता कामा नये. मोल्दिरनं ते फोनवर आपांना सांगितलं. आपांच्या मोठ्या खोलीत जानेवारीत पंधरा असायचे.

हे मला माहीत होतं, कारण मी त्यांच्या डोक्यावर राहतो. आपा तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. आपा मला माझ्या नावानं, सेरझान म्हणून क्वचितच हाक मारत. त्यांच्या लेखी मी 'मास्तर'.

आपा एकतीस वर्षं तांब्याच्या कारखान्यात क्रेन चालवत होत्या. जमिनीपासून अठरा मीटर उंच केबिनमध्ये बसायचं आणि वितळलेल्या तांब्याचं भांडं माणसांच्या डोक्यावरून न्यायचं. नवरा लवकर गेला, मुलगा त्या पगारावर वाढला. अठ्ठ्याऐंशी साली एकदा ब्रेक निसटला, भांडं झोकांडलं आणि खाली उभ्या असलेल्या एका ओताऱ्याच्या पायावर तांबं उडालं. तो जगला, पण पुढे लंगडतच चालला. चौकशीत आपांचा दोष नाही असं लिहिलं गेलं. आपांनी तो कागद वाचलाच नाही. तेव्हापासून आपल्या खाली कोण आहे हे बघितल्याशिवाय त्यांना कुठलंच काम जमत नसे. गॅलरीत गालिचा झटकायचा तरी आधी वाकून बघत.

आणि आमच्या इमारतीत आपांच्या खाली फाइना पेत्रोव्ना राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह, आणि मे महिन्यातसुद्धा थंड पडणारे पाय.

आमच्याकडे हिवाळ्यात घरं तापवायला गावाच्या बॉयलरमधून गरम पाणी येतं; ते स्वयंपाकघराच्या बाजूच्या पाइपानं पाचव्या मजल्यावर चढतं आणि मोठ्या खोलीतल्या पाइपानं एकेका घरातल्या रेडिएटरमधून खाली उतरतं. म्हणजे आधी पाचवा, मग मी, मग आपा, मग फाइना पेत्रोव्ना. वरच्यानं जितकी ऊब काढून घ्यावी तितकी खालच्याला कमी. आपांचे रेडिएटर इमारतीइतकेच जुने, बिडाचे, सेहेचाळीस वर्षांचे. हात लावला तर वर कोमट आणि खाली गार.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपांनी रुडॉल्फ कार्लोविचना बोलावलं. हे आमच्या भागातले जुने नळकाम करणारे, सत्तरीचे, गावात उरलेल्या मोजक्या जर्मनांपैकी एक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका खोलत आल्यासारखा त्यांचा चेहरा. त्यांनी रेडिएटरच्या बुडाला पाना लावला, टोपण फिरवलं आणि खाली धरलेल्या बादलीत काळा चिखल पडला.

"झाउरेश, हा रेडिएटर नाही, फुलझाडाची कुंडी आहे," ते म्हणाले. "साफ केला तर दोन वर्षं चालेल. पण बाळासाठी म्हणत असाल तर नवा घ्या. पंचवीस सप्टेंबरच्या आत मला बसवता आला पाहिजे. त्यानंतर पाइपात पाणी भरतात, मग मला हात लावता येणार नाही."

"कुठला घेऊ?"

"तोच तर प्रश्न आहे."

त्या दिवसापासून आपांची झोप उडाली. कारण गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीत एकीनं सुंदर पांढरा अॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवला होता. पहिल्याच थंडीत त्याची कड फाटली आणि खालच्या घरातल्या बाईच्या पिंढऱ्या भाजल्या. आपा तिला बघायला इस्पितळात गेल्या होत्या. ओळखपाळख नव्हती, तरी भाजलेला मासा घेऊन गेल्या. 

आता त्या वहीत लिहू लागल्या. बिडाचा नवा: टिकतो, पण जड, भिंत पेलेल का? पोलादी चपटा: स्वतःचा बंब असलेल्या बंगल्यात ठीक, गावाच्या पाण्याचा दाब सोसेल का? अॅल्युमिनियम: पुढे फक्त एक फुली. आणि चौथा प्रकार, आत पोलादी नळी, बाहेर अॅल्युमिनियमचं कवच. पाणी पोलादातून वाहतं, ऊब अॅल्युमिनियम पसरवतं. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'खरा असेल तर.'

"मास्तर, माझ्याबरोबर दुकानात चल," त्या म्हणाल्या. "तू शिकलेला आहेस. मला फसवतील."

बाजाराच्या चौकात नवं दुकान उघडलं होतं. विक्रेता गुळगुळीत बोलणारा, कानात फोनची तार.

"आपा, हा बघा. आतून पोलाद, बाहेरून अॅल्युमिनियम. परदेशी माल. तुमच्या खोलीला शोभा येईल."

आपांनी दोन्ही हातांनी तो उचलला आणि क्षणभर नुसता धरून ठेवला.

"हलका का आहे?"

"नवं तंत्र, आपा."

"पोलादाचं वजन तंत्रानं कमी होतं का रे, मास्तर?"

 आपांनी पर्समधून लोहचुंबक काढलं, दोऱ्याला बांधलेलं, आणि रेडिएटरच्या कडेच्या भोकात सोडलं. आडव्या नळीला ते चिकटेना. सरळ खाली पडलं, टिंग असा आवाज आला. उभ्या नळीकडे ढकललं तेव्हा कुठे चिकटलं.

"अर्धंच पोलाद आहे," आपा म्हणाल्या. "उभं पोलाद, आडवं अॅल्युमिनियम. आणि कोपऱ्यावर दोघांची गाठ."

"आपा, लोक इथे डोळ्यांनी माल बघतात, तुम्ही तर एक्स-रे काढताय!" विक्रेता हसला. आजूबाजूचे हसले. खरं सांगतो, मीही हसलो. मला लाज वाटत होती, वयस्कर बाई दुकानात दोऱ्याला चुंबक बांधून उभी.

परत येताना मी म्हणालो, "आपा, तुम्ही फार ताण घेता. शेकडो लोकांनी बसवलेत."

"शेकडो लोकांच्या खाली कोण राहतं ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या खाली कोण राहतं ते माहीत आहे."

आठवड्यानं मी त्याच दुकानात जाऊन तोच रेडिएटर घेतला. बायकोला तो आवडला होता, पडद्यांना साजेसा होता, आणि अॅल्युमिनियम उष्णता चांगली वाहून नेतं हे मी वर्गात दर वर्षी शिकवत होतो. दुकानानंच दोन माणसं पाठवली. तासाभरात काम उरकून ती गेली. ना बंद करायचा कॉक बसवला, ना रेडिएटरला वळसा घालून पाणी खाली नेणारा बगलेचा पाइप. "त्याची काय गरज, आगा?" एक म्हणाला. मी मान डोलावली. आपांना काही सांगितलं नाही.

आपा मात्र शोधत राहिल्या. शेवटी जुन्या मासळी बाजाराच्या मागे एका कोरियन म्हाताऱ्याच्या टपरीवजा दुकानात त्यांना हवा तो माल सापडला. एकेक फासळी, म्हणजे रेडिएटरचा एकेक उभा भाग, दोन किलोला जेमतेम कमी. मासे तोलायचा ताणकाटा त्या घरून घेऊन गेल्या होत्या. चुंबक आडव्या नळीला चिकटलं, उभ्याला चिकटलं. म्हाताऱ्यानं न हसता विचारलं, "आणखी कुठे लावून बघायचंय?" त्यावर आपांचा विश्वास बसला.

पण किती फासळ्या घ्यायच्या? आपांना चौदा हव्या होत्या. ही बातमी जिन्यातून खाली गेली, आणि दुसऱ्या दिवशी फाइना पेत्रोव्ना काठी टेकत वर आल्या. मी तेव्हा आपांकडे चहाला बसलो होतो.

"चौदा?" त्या दारातूनच म्हणाल्या. "वीस बसव. मग माझी शवपेटी माझ्याच खोलीत ठेवा, बर्फाचा खर्च वाचेल."

"फाइना पेत्रोव्ना, आत या. बौरसाक तळलेत, गरम आहेत."

"बौरसाक नको. माझ्या वाटचं पाणी हवं."

"बाळ येतंय हो. पावणेदोन किलोचं जन्मलंय."

"माहितेय मला. मी तिच्यासाठी मोजे विणतेय." त्या खुर्चीत बसल्या आणि चपलेतून पाय काढून, मोजा उतरवून दाखवला. अंगठा निळसर होता. "हाही माझाच आहे, झाउरेश. डॉक्टर म्हणतो, हा थंडीत राहिला तर कापावा लागेल."

आपा त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.  मग पुढे होऊन त्यांनी तो मोजा पुन्हा चढवला.

चार दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. वहीत खोलीचं चित्र काढायचं, भिंतीची लांबी, खिडकीची रुंदी, मग खोडायचं. चौदा घेतल्या तर फाइना गारठणार, दहा घेतल्या तर बाळ. मला दोनदा बोलावलं. मी गुणाकार करून सांगितलं की अठरा चौरस मीटरला दहा पुरतात. "पुरतात म्हणजे किती? बावीस की एकवीस?" 

उत्तर रुडॉल्फ कार्लोविचनी दिलं. त्यांनी मेणबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीजवळ धरली. ज्योत आडवी झाली. गॅलरीच्या दाराशी धरली तर विझलीच.

"चौदा काय, चाळीस लावा," ते म्हणाले. "तुम्ही बाहेरचं तळं तापवायला निघालात. आधी ही भोकं बुजवा. दहा बसवू. आणि बगलेचा पाइप मी घालणारच, कुणी काही म्हटलं तरी."

"तो कशाला?"

"तुमचा रेडिएटर बंद केला, बिघडला, काहीही झालं, तरी पाणी त्या पाइपातून फाइनाकडे जात राहील. तिची वाट तुमच्या हातात नको."

आपा पटकन म्हणाल्या, "घाला. आजच घाला."

बारा सप्टेंबरला काम झालं. प्रत्येक सांध्यावर तागाचा धागा, दोन्ही बाजूंना कॉक. आपांनी रुडॉल्फ कार्लोविचना तळघरातही नेलं आणि आमच्या पाइपाचा मोठा व्हॉल्व्ह कुठला ते दाखवायला लावलं. एका रांगेत बारा, सगळे सारखेच गंजके. आपांनी आमच्या व्हॉल्व्हला लाल फडकं बांधलं. परत येताना रुडॉल्फ कार्लोविच मला जिन्यात म्हणाले, "या बाईनं माझ्या हाताखाली काम केलं असतं तर मी इतका म्हातारा झालो नसतो."

चोवीस सप्टेंबरला प्रवेशदारावर सूचना लागली. उद्या दहा ते चार थंड पाणी भरून दाबाची तपासणी, रहिवाशांनी घरी थांबावं.

"तू घरी आहेस ना?" आपांनी विचारलं.

"नाही आपा. सहा तास आहेत. दहावीला द्रवातला दाब शिकवायचाय."

"बायको?"

"ती कामावर. अहो, थंड पाणी आहे. दर वर्षी भरतात."

आपांनी माझ्याकडे बघितलं.  मी नवा रेडिएटर घेतला हे त्यांना कळलं असणार; जिन्यातून चढवताना कुणीतरी बघितलंच असेल.

त्या दिवशी मी घरी नव्हतो. पुढचं मला आपा आणि फाइना पेत्रोव्ना दोघींनी सांगितलं, वेगवेगळं आणि बऱ्याचदा.

आपांनी सकाळी आठलाच गालिचा गुंडाळला होता. नव्या रेडिएटरच्या प्रत्येक सांध्याभोवती टॉयलेटच्या कागदाची पट्टी गुंडाळली होती, थेंबभर ओल आली तरी कळावं म्हणून. खाली दोन परातींमध्ये घडी केलेली फडकी. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. साडेदहाला पाइप गुरगुरले. अकराला रेडिएटरमधून ठण् असा आवाज आला, कुणी आतून हातोडा मारावा तसा. कागद कोरडे. आपा उठून हात लावून आल्या, पुन्हा बसल्या.

पावणेबाराला खालून काठीनं छत ठोकायचा आवाज आला. आणि मग जिन्यात फाइना पेत्रोव्नांचा: "झाउरेश! माझ्या भिंतीवरून पाणी येतंय! सांगितलं होतं मी! हात लावू नकोस म्हणाले होते मी!"

आपा सांगत होत्या, त्यांचे पाय गेले. खुर्चीतून उठता येईना. अठ्ठ्याऐंशी सालीही असंच झालं होतं, केबिनमधून उतरायला त्यांना दोन माणसं लागली होती. पण इथे कुणी नव्हतं. त्या गुडघ्यांवर आल्या आणि रांगत रेडिएटरपर्यंत गेल्या. एकेक कागद बोटांनी दाबला. कोरडा. दुसरा कोरडा. तिसरा, चौथा. सगळे कोरडे. पाइपामागून मात्र भिंतीलगत ओघळ उतरत होता, लाकडी फरशीत मुरत होता. त्यांनी मान वर केली. पाइप जिथे छतातून येतो तिथे राखाडी डाग पसरत चालला होता.

"फाइना पेत्रोव्ना, माझं नाही!" त्या ओरडल्या. "वरचं आहे! मास्तरचं!"

माझी किल्ली त्यांच्याकडे असते, उन्हाळ्यात झाडांना पाणी घालायला. त्या पाइपाला धरून उठल्या, वर गेल्या आणि दार उघडलं. माझ्या रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून पंख्यासारखं पाणी उडत होतं आणि बैठकीत चपला तरंगत होत्या. कॉक शोधला. कॉक नव्हताच. आपांनी पलंगावरची रजई ओढून त्यावर टाकली आणि चार जिने उतरून तळघरात गेल्या. चौसष्टाव्या वर्षी, मोज्यांवर. लाल फडक्याचा व्हॉल्व्ह धरला. हलेना. त्या त्याला लटकल्या, अख्ख्या वजनानिशी, आणि ओरडत राहिल्या. तपासणीचा पंप चालवणारे दोघं शेजारच्या जिन्याखाली होते, ते धावत येईपर्यंत चाक अर्धं फिरलं होतं.

मला शाळेत फोन आला तेव्हा फळ्यावर बाण काढत होतो, दाब सर्व दिशांना सारखा.

घरी पोचलो तर आपा माझ्या बैठकीत वाकून फडकं पिळत होत्या. केस ओले, हाताला गंज. दारात फाइना पेत्रोव्ना काठीवर.

"आपा..." मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं. "काय मास्तर, झाला का दाब शिकवून?"

फाइना पेत्रोव्ना खुदकन हसल्या. मला तेही बरं वाटलं.  पण आपांनी फडकं बादलीत टाकून दिलं.

"हे गरम असतं तर?" त्या हळू म्हणाल्या. "फाइना पेत्रोव्ना तिथे भिंतीलाच बसतात. पाय त्या पाइपाला लावून बसतात, सेरझान. महिन्यानं झालं असतं तर?"

  दुकानात मी हसलो होतो ते मला ऐकू येत होतं.

रुडॉल्फ कार्लोविचनी माझा रेडिएटर काढून हातात फिरवला, कोपऱ्यावरची भेग दाखवली आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता कोरियन म्हाताऱ्याचा पत्ता कागदावर लिहून दिला. पूर्ण जिन्याची तपासणी नऊ दिवस पुढे गेली, माझ्यामुळे. त्या नऊ दिवसांत मी फाइना पेत्रोव्नांची भिंत खरवडली, वाळवली, फुलाफुलांचा नवा भिंतकागद चिकटवला. त्या मागे बसून सांगत होत्या, "फुलं जुळत नाहीत. डावीकडे. आता फारच डावीकडे. मुलांना शिकवतोस का असंच?" आपांच्या खोलीतली फरशीची एक कड फुगून वर आली होती. ती दुरुस्त करतो म्हटलं तर आपांनी हात लावू दिला नाही. "राहू दे," म्हणाल्या, "तुझ्याकडे बघितलं की मला तसंही आठवतंच."

दुसऱ्यांदा पाणी भरलं तेव्हा माझ्याकडेही कोरियन म्हाताऱ्याचा रेडिएटर बसला होता, आणि मी रजा काढून घरी होतो. काही झालं नाही.

पंधरा ऑक्टोबरला गरम पाणी आलं आणि आपांची नवी काळजी सुरू झाली. रेडिएटर वर गरम, खाली थंड. मला बोलावलं. मी छोट्या किल्लीनं हवा सोडली, तो फुसफुसला, मग काळं पाणी थुंकला. दुपारपर्यंत खालीही ऊब आली. पण आपांनी तीन थर्मामीटर टांगले होते आणि तिन्ही वीस दाखवत होते.

बाळ सत्तावीसला येणार होतं.

मग रुडॉल्फ कार्लोविचनी सांगूनही राहून गेलेल्या भोकांमागे आम्ही लागलो. मी, माझी बायको आणि आपा. खिडक्यांच्या फटींत कापूस कोंबला, वरून साबणानं कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. गॅलरीच्या दाराला उंटाची लोकर दाबून केलेला जाड नमदा खिळ्यांनी ठोकला. फाइना पेत्रोव्ना खुर्चीत बसून पट्ट्यांना साबण लावत होत्या आणि साबण हलका आहे, पूर्वीचा नाही, असं सांगत होत्या. मेणबत्ती फिरवली. ज्योत उभी राहिली.

मोल्दिर आली तेव्हा खोलीत बावीस आणि थोडं वर होतं. तिनं बाळाला पलंगावर ठेवलं, टोपी काढली. डोक्यावर काळी लव, मूठभर चेहरा. आपा जवळ गेल्या नाहीत. भिंतीपाशी उभ्या राहून थर्मामीटर बघत होत्या.

"आई, तिकडे नका बघू," मोल्दिर म्हणाली. "इकडे बघा. तुमची नात इकडे आहे."

त्या हिवाळ्यात जानेवारीच्या मध्याला सहा दिवस उणे चौतीस होतं, आणि तळ्यावरून वारा. शाळा बंद. आपांच्या खोलीत एकवीसपर्यंत उतरलं. आपांनी अकबोताला आपल्या सदऱ्यात, पोटाशी बांधून घेतलं आणि सहा दिवस तशाच वावरल्या, स्वयंपाकसुद्धा तसाच. सातव्या दिवशी पुन्हा बावीस झालं. बाळाला साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती.

मी फाइना पेत्रोव्नांना औषधं नेऊन द्यायचो. एकदा त्यांच्या भिंतीवर मी थर्मामीटर बघितला. वीस.

"गेल्या वर्षी, तिच्या त्या बगलेच्या पाइपाआधी, सतरा होतं," त्या म्हणाल्या. "पण तिला सांगू नकोस. डोक्यावर बसेल." त्यांचा अंगठा वाचला होता.

मी अर्थातच सांगितलं. आपांनी पीठ मळता मळता ऐकलं आणि मळतच राहिल्या. पण संध्याकाळी मोल्दिरनं मला जिन्यात गाठलं. "सेरझान आगा, काय बोललात तुम्ही आईंशी? रडत होत्या. आणि त्यानंतर दोन वाट्या भात खाल्ला."

अकबोता एप्रिलमध्ये सहा किलोंची झाली. पंधरा एप्रिलला गरम पाणी बंद झालं, पाइप टकटक करत थंड झाले. बाहेर ऊन होतं. मोल्दिरनं खिडकीच्या पट्ट्या ओढून काढल्या आणि हवा आत आली. आपांनी रेडिएटरवर हात ठेवला, तो पूर्ण गार होईपर्यंत ठेवला. मग नातीशेजारी पलंगावर आडव्या झाल्या.

त्या दुपारी त्या चार तास झोपल्या. मोल्दिर सांगते, बाळ मध्ये दोनदा उठून रडलं, तरी आपांना जाग आली नाही.